तारापूरचं युरेनियम आणि सिनेटमधली दोन मतं

२४ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये, भारताला होणारी युरेनियमची निर्यात रोखण्याच्या एका ठरावावर मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं ४६ मतं पडली, विरोधात ४८. ठराव पडला आणि तारापूर अणुवीज केंद्रासाठी सुमारे ३८ टन समृद्ध युरेनियम निर्यात करण्याची अध्यक्ष जिमी कार्टर यांची परवानगी शाबूत राहिली. सहाच दिवस आधी, १८ सप्टेंबरला, प्रतिनिधी सभागृहानं हीच निर्यात २९८ विरुद्ध ९८ मतांनी नाकारली होती. दोन्ही सभागृहांची बेरीज केली तर ३४४ सदस्य निर्यातीच्या विरोधात होते आणि १४६ बाजूनं. तरीही परवानगी टिकली.

हे कसं झालं, याचं उत्तर कायद्यातल्या एका रचनेत आहे. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस (या लेखात काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद) यांच्यात कोण वरचढ, असं ढोबळपणे विचारून हाती काही लागत नाही. प्रत्येक बाबतीत वेगळं पाहावं लागतं की मतं कोणाला गोळा करायची आहेत आणि कोणी काहीच केलं नाही तर काय होतं. तारापूरच्या इंधनावर हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला, म्हणून अभ्यासाला हे प्रकरण फार मोलाचं आहे.

करार होता, पण तह नव्हता

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी ३० वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं उत्कलन जल पद्धतीच्या (भट्टीतच पाणी उकळून वाफ करणाऱ्या) दोन अणुभट्ट्या उभारल्या आणि १९६९ मध्ये त्यांतून वीज मिळू लागली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेलं हे केंद्र महाराष्ट्र आणि गुजरातला वीज देतं. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते अमेरिकेनं पुरवायचं, असं करारात ठरलं होतं. मोबदल्यात भारतानं तारापूरवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य केली. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर त्यासाठी दोन्ही देशांची संमती लागणार होती.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार ज्याला 'तह' म्हणतात, त्याला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची मंजुरी लागते. तारापूरचा करार तसा नव्हता. १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १२३ खाली झालेला तो सहकार्य करार होता. असे करार प्रशासन करतं, काँग्रेससमोर ठरावीक मुदत ठेवतं आणि मग ते लागू होतात. आपल्याकडे '१२३ करार' हा शब्द २००५ नंतर घरोघरी पोचला, पण तारापूरचा करारही त्याच कलमाचा होता.

अशा कराराची खोच अशी की तो एका विशिष्ट कायद्याच्या आधारावर उभा असतो आणि तो कायदा बदलण्याचा अधिकार काँग्रेसकडे राहतो. अध्यक्षानं दुसऱ्या देशाला दिलेला शब्द काँग्रेसला नवा कायदा करण्यापासून रोखू शकत नाही. जुना करार आणि नवा कायदा यांत विसंगती आली, तर अमेरिकेच्या न्यायालयात जे नंतरचं ते चालतं. परदेशी सरकारसाठी तो वचनभंगच ठरतो. १९७८ नंतर भारताची तक्रार नेमकी हीच होती.

१९७८ चा कायदा: कोणत्या खिडकीवर कोणता कागद

१८ मे १९७४ ला पोखरणची चाचणी झाली. त्यात तारापूरचं काही वापरलं गेलं नव्हतं, पण ज्या अणुभट्टीतलं प्लुटोनियम वापरलं होतं तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेनं दिलं होतं. काँग्रेसमध्ये यावरून मोठी अस्वस्थता पसरली. चार वर्षांच्या खटपटीनंतर अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा संमत झाला. प्रतिनिधी सभागृहात ४११ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध ३, आणि १० मार्च १९७८ ला कार्टर यांची सही. इतक्या एकमतानं झालेल्या कायद्यावर अडीच वर्षांत त्याच अध्यक्षाशी भांडण व्हावं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत कार्टर यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं.

कायद्यानं निर्यात परवान्याची वाट अशी आखून दिली. भारत सरकारचा एजंट म्हणून एडलो इंटरनॅशनल ही कंपनी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे अर्ज करायची. आयोग तो परराष्ट्र खात्याकडे पाठवायचा. परराष्ट्र खातं ऊर्जा, संरक्षण, वाणिज्य अशा खात्यांना विचारून 'या निर्यातीनं देशाच्या सुरक्षेला बाधा येत नाही' असा प्रशासनाचा अभिप्राय द्यायचं. तो आला की आयोग कायद्यातल्या अटी एकेक करून तपासायचा.

या आयोगाची बांधणी समजून घेतली पाहिजे. पाच सदस्य, प्रत्येकाची मुदत पाच वर्षं, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. त्यांना नेमतात अध्यक्ष, मंजुरी देतं सिनेट. नेमणुकीनंतर मात्र अध्यक्ष फोन उचलून 'परवाना द्या' असं सांगू शकत नाहीत. परवाना देणं आयोगाच्या मनाला पटलं नाही तर आयोगानं तो निर्णय जाहीर करायचा आणि अर्ज अध्यक्षांकडे पाठवायचा. मग अध्यक्षांसमोर एकच मार्ग उरतो. 'ही निर्यात रोखली तर आपल्याच प्रसारबंदीच्या उद्दिष्टांना गंभीर धक्का बसेल किंवा सुरक्षेला धोका होईल' असं लेखी ठरवून कार्यकारी आदेश काढायचा आणि सगळी कागदपत्रं काँग्रेसला द्यायची.

त्यानंतर काँग्रेसच्या सलग अधिवेशनाचे ६० दिवस थांबायचं. या मुदतीत दोन्ही सभागृहांनी नापसंतीचा ठराव केला तर निर्यात रद्द. ठराव झाला नाही तर निर्यात मोकळी. हा ठराव 'कॉन्करंट रिझोल्यूशन' या प्रकारातला, म्हणजे दोन्ही सभागृहांत साध्या बहुमतानं होणारा आणि अध्यक्षांच्या सहीला न जाणारा. सही नाही, म्हणून नकाराधिकारही नाही. यालाच तिकडे 'लेजिस्लेटिव्ह व्हेटो' म्हणत. काँग्रेसनं अधिकार प्रशासनाला द्यायचा, पण त्याची दोरी आपल्या हातात ठेवायची, अशी ही युक्ती होती.

६० दिवसही कॅलेंडरचे नव्हेत. एखादं सभागृह तीन दिवसांपेक्षा जास्त काळ सुट्टीवर गेलं तर ते दिवस मोजायचे नाहीत. म्हणूनच १९ जून १९८० ला सुरू झालेली मुदत सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत लांबली.

तीन फेऱ्या

पहिली फेरी कायदा होऊन सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा आली. २० एप्रिल १९७८ ला आयोगात चारच सदस्य होते आणि ते २–२ असे विभागले गेले. बरोबरी म्हणजे परवाना नाही. एका रिकाम्या खुर्चीनं अर्ज अडला. सिनेटनं मंजुरी न दिलेली किंवा अध्यक्षानं वेळेत न केलेली नेमणूक किती महाग पडू शकते, ते इथे दिसतं. आठवड्यात, २७ एप्रिलला, कार्टर यांनी कार्यकारी आदेश १२०५५ काढला. प्रतिनिधी सभागृहात नापसंतीचा ठराव आला आणि १२ जुलैला २२७ विरुद्ध १८१ मतांनी पडला. निर्यात झाली.

दुसऱ्या फेरीत, मार्च १९७९ मध्ये, आयोगानं ३–२ नं परवाना दिला. अध्यक्षांकडे जावंच लागलं नाही.

तिसऱ्या फेरीत घड्याळ आडवं आलं. १९७८ च्या कायद्यात सर्वांत कडक अट ही होती की ज्या देशानं आपल्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य केली नाही, त्याला इंधन द्यायचं नाही. भारताला ही अट कधीच मान्य नव्हती. मात्र कायद्यानं सवलतीची मुदत दिली होती. कायदा झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत आलेल्या अर्जांना ही अट लागू नव्हती. पण त्याच तरतुदीत पुढे होतं की अशा अर्जाखालची पहिली निर्यात २४ महिन्यांनंतर होणार असेल, तर अट लागू. तारखा मांडल्या तर अर्जाची शेवटची तारीख १० सप्टेंबर १९७९ आणि निर्यातीची १० मार्च १९८०.

भारताचे दोन अर्ज, आयोगाच्या नोंदीत १३७९ आणि १५६९, १८ महिन्यांच्या आत आले होते. परंतु कागद खात्याखात्यांतून फिरत राहिले आणि मार्च १९८० उलटून गेला. प्रशासनाचं म्हणणं, अर्ज वेळेत होते आणि निर्यातही वेळेत होईल अशी तेव्हा रास्त अपेक्षा होती, उशीर भारताचा नाही. आयोगाचं म्हणणं, तारीख उलटली म्हणजे उलटली. १६ मे १९८० ला आयोगानं दोन्ही अर्ज ५–० नं नाकारले. दोन वर्षांत आयोग २–२ वरून ५–० वर आला तो भारताविषयीचं मत पालटल्यामुळे नव्हे. कायद्यातली तारीख मधे आली होती. परवाना प्रक्रियेत दिरंगाई हा आपोआप नकार कसा होतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण.

साठ दिवस

१९ जून १९८० ला कार्टर यांनी कार्यकारी आदेश १२२१८ काढला. त्यांच्या बाजूनं दोन मुद्दे होते. पहिला, अमेरिकेनं इंधन बंद केलं तर भारत म्हणेल, करार तुम्ही मोडलात, आता तारापूरमधल्या वापरलेल्या इंधनावरची बंधनं आम्हाला लागू नाहीत. त्या इंधनात प्लुटोनियम असतं आणि प्लुटोनियमपासून अणुबॉम्ब बनवता येतो. पुरवठा चालू ठेवणं हाच देखरेख टिकवण्याचा मार्ग, असं प्रशासन सांगत होतं. दुसरा मुद्दा, डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, अशा वेळी दिल्लीशी संबंध बिघडवणं परवडणारं नव्हतं.

विरोधकांचं नेतृत्व सिनेटर जॉन ग्लेन यांच्याकडे होतं. १९७८ च्या कायद्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी ते एक. त्यांचा प्रश्न सरळ होता. पहिल्याच कठीण प्रसंगी अपवाद केला, तर उद्या हा कायदा कोण मानेल? निर्यातीच्या बाजूनं किल्ला लढवला तो सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च यांनी. ग्लेन आणि चर्च, दोघेही अध्यक्षांच्याच पक्षाचे. पक्षादेश मोडला म्हणून कोणाचं सदस्यत्व गेलं नाही, कारण तिथे तसा पक्षादेशच नसतो.

दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांनी नापसंतीच्या बाजूनं शिफारस केली. एरवी अमेरिकेत समितीत विषय अडकला की तो तिथेच विरतो. हजारो विधेयकांचं तसंच होतं. इथे मात्र कायद्यानंच जलद प्रक्रिया नेमून दिली होती, त्यामुळे ठराव दाबून ठेवता येत नव्हता. मतदान होणं अटळ होतं.

प्रशासनाची बाजू मांडायचं काम परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांच्यावर आलं. मे १९८० पर्यंत ते स्वतः सिनेटर होते. मंत्री होताना त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली, कारण राज्यघटनेनुसार प्रशासनात पद घेणारा माणूस काँग्रेसमध्ये बसू शकत नाही. आपल्याकडे मंत्री सभागृहात उभा राहून उत्तर देतो आणि मतही देतो. तिकडे मस्की समितीसमोर साक्षीदार म्हणून बसू शकत होते, जुन्या सहकाऱ्यांना भेटू शकत होते, पण २४ सप्टेंबरला त्यांच्याकडे मत नव्हतं.

प्रतिनिधी सभागृहात मोठा पराभव आणि सिनेटमध्ये निसटता विजय, हा फरक का पडला? आमच्या मते एक कारण निवडणुकीचं आहे. सहा आठवड्यांवर आलेल्या मतदानात प्रतिनिधी सभागृहाच्या सर्व ४३५ जागा पणाला लागल्या होत्या आणि अणुइंधन बाहेर पाठवण्याचं समर्थन करणं मतदारसंघात सोपं नव्हतं. सिनेटच्या एक तृतीयांश जागांचीच निवडणूक होती. शिवाय परराष्ट्र धोरणात सिनेट स्वतःला अध्यक्षांचा भागीदार मानतं, तह आणि राजदूतांच्या नेमणुका त्याच्याकडेच येतात. पण याहून मोठं कारण असं की प्रतिनिधी सभागृहानं आधी मत दिलं. त्या मताला काही किंमत नव्हती, जोवर सिनेट तसंच करत नाही. खरा भार सिनेटवर आला होता.

मतांचा हिशेब

सिनेटमध्ये ९४ जणांनी मत दिलं. एकानं बाजू बदलली असती तर ४७–४७ झालं असतं, आणि बरोबरीत ठराव पडतो. म्हणजे निर्यात तरीही झाली असती. दोघांनी बदलली असती तर ठराव ४८–४६ नं संमत होऊन निर्यात थांबली असती. दोन माणसांवर गोष्ट होती.

आता हाच प्रसंग दुसऱ्या नियमानं मोजून पाहा. निर्यात रोखण्यासाठी नेहमीसारखा कायदा करावा लागला असता तर? तो अध्यक्षांच्या सहीला गेला असता, कार्टर यांनी नकाराधिकार वापरला असता, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागली असती. प्रतिनिधी सभागृहात मतदान करणाऱ्या ३९६ पैकी २६४ पुरेशी होती. विरोधकांकडे तर २९८ होती. सिनेटमध्ये मात्र ९४ पैकी ६३ लागली असती आणि हाती होती ४६. दोन मतांची कमतरता सतरावर गेली असती.

तिसरा नियम: निर्यातीला काँग्रेसची आगाऊ मंजुरी लागते, असं असतं तर? मग प्रतिनिधी सभागृहातल्या २९८ मतांनी विषय तिथेच संपला असता आणि सिनेटचं मत विचारायचीही गरज पडली नसती. तेच सदस्य, तीच मतं, पण नियम बदलला की निकाल बदलतो. अमेरिकेच्या काँग्रेसनं एखाद्या गोष्टीला 'विरोध केला' अशी बातमी आली की आधी पाहावं ते हेच, तो विरोध कोणत्या प्रकारच्या ठरावात आहे आणि तो सहीला जाणार आहे का.

चढ्ढा आले आणि दोरी तुटली

काँग्रेसच्या हातातली ती दोरी तीन वर्षांत तुटली, आणि तीही एका भारतीय वंशाच्या माणसामुळे. जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मलेले. ते विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आले, व्हिसाची मुदत संपली, आणि इमिग्रेशन न्यायाधीशानं त्यांची हकालपट्टी थांबवली. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधी सभागृहानं अशा ३४० जणांच्या यादीतून सहा नावं काढून त्यांची सवलत रद्द केली. त्यांत चढ्ढा होते. एका सभागृहाचा एक ठराव, सिनेटला विचारलं नाही, अध्यक्षांची सही नाही.

२३ जून १९८३ ला सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं त्याचा गाभा असा: लोकांचे हक्क आणि कर्तव्यं बदलणारी कृती ही कायदा करण्यासारखीच आहे, आणि कायदा करायचा तर दोन्ही सभागृहांची संमती आणि अध्यक्षांपुढे सादर करणं, या दोन्ही पायऱ्या चुकवता येत नाहीत. सुमारे २०० कायद्यांतल्या अशा तरतुदींवर या निकालाची सावली पडली. दोन्ही सभागृहांचा ठराव असला तरी सहीशिवाय तो चालत नाही, हेही काही दिवसांतच, जुलै १९८३ मध्ये, न्यायालयानं दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट केलं. तारापूरच्या वेळचा ठराव याच जातीचा होता.

घटनेच्या शब्दांशी निकाल प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम वर मांडलेल्या हिशेबात दिसतो. काँग्रेसला अध्यक्षांचा निर्णय फिरवायचा तर आता साधं बहुमत पुरत नाही, व्यवहारात दोन तृतीयांश लागतं. आधी दिलेल्या अधिकारावरचा लगाम असा सैल झाला.

काँग्रेसनं मग दुसरी वाट धरली. १९८५ मध्ये अणुसहकार्य करारांसाठी कायदा बदलला. सर्व अटी पाळणारा करार ठरावीक मुदत काँग्रेससमोर राहून आपोआप लागू होऊ शकतो. अटींमधून सूट घेणाऱ्या करारासाठी मात्र दोन्ही सभागृहांनी मंजुरीचा 'जॉइंट रिझोल्यूशन' करायलाच हवा. तो अध्यक्षांच्या सहीला जातो, म्हणून घटनात्मक अडचण नाही, आणि मतं गोळा करायची जबाबदारी आता प्रशासनावर आली. काँग्रेस गप्प बसली तर करार मरतो.

२००८: तेच आकडे, उलटी दिशा

दरम्यान तारापूरचा पुरवठा अडखळतच राहिला. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला. जुना करार आणि त्यातली देखरेख १९९३ पर्यंत कायम, पण इंधन फ्रान्सनं द्यायचं. काँग्रेसशी पुन्हा झुंज घेण्यापेक्षा रेगन प्रशासनाला ही वाट सोयीची होती.

२००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी नागरी अणुसहकार्याची घोषणा केली, तेव्हा भारताची सर्व केंद्रं देखरेखीखाली येणार नव्हती. म्हणजे सूट हवी, म्हणजे मंजुरी हवी. १८ डिसेंबर २००६ ला हाइड कायद्यावर सही झाली. त्यानं अट शिथिल केली, पण अंतिम करारावर काँग्रेसचं मतदान राखून ठेवलं. बुश यांनी सही करतानाच निवेदन दिलं की कायद्यातली परराष्ट्र धोरणविषयक विधानं आपण सल्ला म्हणून घेऊ. अध्यक्ष कायदा नाकारत नाहीत आणि तरी त्याचा अर्थ आपल्याकडे वळवतात, याची ती नेहमीची पद्धत. मुंबईत अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर आणि त्यांचे सहकारी इंधनपुरवठ्याच्या हमीबद्दल इतके काटेकोर का होते, ते तारापूरचा इतिहास माहीत असणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

भारतात करारावर संसदेचं मत लागत नव्हतं, पण डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्यामुळे २२ जुलै २००८ ला विश्वासमत घ्यावं लागलं आणि सरकार २७५–२५६ नं टिकलं. अमेरिकेत सरकार पडण्याचा प्रश्न नव्हता, करार पडू शकत होता.

आणि घड्याळ पुन्हा आडवं आलं. अणुपुरवठादार गटाची (अणुसाहित्य निर्यात करणाऱ्या देशांचा गट) सूट ६ सप्टेंबरला मिळाली, बुश यांनी १० सप्टेंबरला करार काँग्रेसकडे पाठवला, आणि सलग अधिवेशनाचे ३० दिवस भरण्याआधीच काँग्रेस निवडणुकीसाठी उठणार होती. १९८० मध्ये तारखेनं आयोगाचे हात बांधले होते. या वेळी तारीख ज्यांनी घातली त्यांनीच ती काढली. मुदतीची अट बाजूला ठेवणारा आणि कराराला मंजुरी देणारा नवा कायदाच त्यांनी केला. त्यातही एक अट घातली, की भारताचा देखरेख करार प्रत्यक्ष लागू झाल्याचं अध्यक्षांनी प्रमाणित केल्याशिवाय नियामक आयोगानं निर्यात परवाना द्यायचा नाही.

२७ सप्टेंबर २००८ ला प्रतिनिधी सभागृहात मतदान झालं. बाजूनं २९८, विरोधात ११७. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तारापूरचं इंधन नाकारणारी मतंही बरोबर २९८ च होती. १ ऑक्टोबरला सिनेटनं ८६–१३ नं मंजुरी दिली, ८ ऑक्टोबरला बुश यांनी सही केली आणि १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये प्रणव मुखर्जी आणि कोंडोलीझा राइस यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या.